सातव्या प्रश्नाची साक्षीदार

“ज्या जिवाला आई कोण, बाप कोण हेसुद्धा कळत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी ओतून तुम्ही त्याला ख्रिस्ती कसं करता?” मी विचारलं.

समोरच्या खुर्चीतल्या ब्रिजित काकूंनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वहीकडे.

“वही मिटा,” बोनिफास सर म्हणाले. “दारात आलेली बाई तुम्हाला वही बघू देणार नाही.”

“दारात आलेली बाई एवढं वाकडं विचारणार पण नाही, सर. ही जसिंता विचारते.”

“उत्तर द्या.”

ब्रिजित काकूंनी डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, “बाळाच्या वतीनं त्याचे आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता विश्वास ठेवतात. बाळाला दूध पाजताना आपण त्याची परवानगी विचारत नाही.” मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे मोठ्या आशेनं बघितलं. नियमाप्रमाणे आता मी “आता मला समजलं” असं म्हणायचं होतं.

“दूध नाही पाजलं तर बाळ मरेल,” मी म्हणाले. “पाणी नाही ओतलं तर काय होईल?”

सभागृहात पंधरा बायका होत्या. पंधराही जणी पंख्याकडे बघायला लागल्या.

“जसिंता,” सर म्हणाले, “तू हरायला शिक.”

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वसईतल्या गावात तेव्हा दुसऱ्या पंथाच्या एका प्रार्थनासभेची माणसं दर बुधवारी दुपारची घरोघर फिरून आम्हा कॅथलिकांना आपल्याकडे बोलवत. दुपारी पुरुष कामावर आणि बायका घरात, म्हणून फादर फेलिक्सनी ठरवलं की उत्तरं बायकांना यायला हवीत. चर्चच्या मागच्या सभागृहात दर गुरुवारी चार ते पाच वर्ग सुरू झाला. बोनिफास सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले होते आणि घरी कंटाळलेले होते. त्यांनी चोवीस प्रश्न काढले, त्यांची चोवीस उत्तरं लिहिली, झेरॉक्स करून सगळ्यांना वाटली. सराव असा असायचा: दोन खुर्च्या समोरासमोर, एकीत घरवाली, एकीत पाहुणी. पाहुणीनं विचारायचं, घरवालीनं सांगायचं, आणि शेवटी पाहुणीनं “आता मला समजलं” म्हणून उठायचं.

पाहुणी नेहमी मी. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि कॉलेजात वक्तृत्वाचा एक चषक मिळवला होता, हे सरांना कुठून तरी कळलं होतं. बाकीचे तेवीस प्रश्न मी व्यवस्थित हरायचे. मरियेला का मानता, पापं फादरला का सांगता, मूर्ती कशाला, सगळ्याला एक-दोन उलटे प्रश्न टाकून “आता मला समजलं” म्हणायचे आणि उठायचे. सातव्याला मला उठता यायचं नाही.

याचं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण घरी पाळण्यात होतं. माझी मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती आणि तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता.

पहिल्यांदा मी तिचं वजन कमी आहे म्हणून पुढे ढकलला. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला, त्यात बाप्तिस्मे होत नाहीत, ते मला बरंच पडलं. ईस्टर झाल्यावर मी म्हणाले, इनासला मे महिन्यात रजा मिळणार आहे, बाप असताना करू. इनास, माझा नवरा, कुवेतला होता. हे कारण एवढं चांगलं होतं की माझाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला. खरं असं होतं की गुरुवारी पाच वाजता वर्ग सुटला की ती पाहुणी खुर्चीतून उठून माझ्याबरोबर घरी यायला लागली होती. मी मुलीला पाजत असायचे आणि ती विचारायची, हिला न विचारता हिच्या जन्माचं ठरवणारी तू कोण?

सासूबाई मला रोज एकच प्रश्न विचारायच्या. “फादरांकडे जाऊन आलीस?”

“मे महिन्यात, आई.”

“मे महिन्यापर्यंत पोर अशीच ठेवायची?”

“अशीच म्हणजे कशी? लस दिलेली आहे.”

सासूबाई संध्याकाळी बाटलीतल्या पवित्र पाण्याची चार बोटं पाळण्यावर शिंपडायच्या, तेवढंच. मी त्या पाण्याकडे बघायचे. ती बाटली कधी धुतलेली मी पाहिलं नव्हतं. घरातलं बाळाचं पाणी मी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायचे. किती वाजता पाजलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, ढेकर आला की नाही, हे सगळं मी एका वहीत लिहायचे. प्रश्नोत्तरांची वही आणि ही वही एकाच आकाराची होती. एकदा मी वर्गात चुकून दुसरी नेली आणि ब्रिजित काकूंनी अर्धं पान वाचून सरांना विचारलं, “हा कितवा प्रश्न?”

नावाचंही अडलेलं होतं. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव देतात. सासूबाईंचं नाव आगाता. मी आर्या ठरवलं होतं. सासूबाई पाळणा हलवताना कधी “बाय” म्हणायच्या, कधी “ए पोरी.” आर्या त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मी मुलीला पाजत होते तेव्हा फाटकाची कडी वाजली. मी खिडकीतून बघितलं. पन्नाशीची बाई, पांढरी साडी, काळी छत्री, खांद्याला कापडी पिशवी. तिनं चपला काढल्या आणि भिंतीला टेकवून, जोड जुळवून ठेवल्या. घरोघर फिरणारी माणसं चपला इतक्या नीट ठेवत नाहीत, असं मला वाटलं. मी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि दाराशी गेले. त्या दिवशीच्या वहीत ढेकराचा रकाना कोरा आहे.

“बसू का दोन मिनिटं?” बाई म्हणाल्या. “मी मंदा भोईर. प्रभूबद्दल बोलायला येते. नको असेल तर जाते.”

सरांनी सांगून ठेवलं होतं: ओट्याच्या आत घेऊ नका, उद्धट बोलू नका, पाणी द्या. ओट्यावर ऊन इतकं होतं की फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. मी उंबऱ्याच्या आत एक वीत सोडून खुर्ची ठेवली. माठातलं पाणी पेल्यात आणलं. त्या अर्धा पेला वरून, घटाघटा प्यायल्या आणि उरलेला त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. दोन महिने मी पाहुणी झाले होते आणि आता खरी पाहुणी आली होती. घरवालीची खुर्ची पहिल्यांदाच मला मिळाली होती. त्यांनी मरियेबद्दल विचारलं, मी सांगितलं. मूर्तींबद्दल विचारलं, मी सांगितलं. त्यांचे प्रश्न माझ्यापेक्षा सोपे होते. मी थोडी निराश झाले.

“तुम्ही अभ्यास केलाय,” त्या म्हणाल्या.

“थोडा.”

“मी नाही केला. मी पंचवीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. चाळिसाव्या वर्षी, समजून-उमजून, खाडीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. तोपर्यंत देवाचं नाव घ्यायला वेळच नव्हता.” त्यांनी पाळण्याकडे बघितलं. “मुलगी?”

“हो. अडीच महिने.”

“पाणी घातलंत डोक्यावर?”

“अजून नाही.”

“मग छान केलंत. थांबा. तिला कळू दे, मग ती स्वतः येईल. तिच्या वतीनं दुसऱ्यानं कसं काय म्हणायचं?”

हे सगळं मी स्वतः दर गुरुवारी म्हणत होते, आणि त्यांच्यापेक्षा बऱ्या भाषेत. तरी ते ऐकून मला राग आला. माझ्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदाच बोललं होतं आणि मला ते नको होतं. मी म्हणायला लागले, “बाळाला दूध पाजताना आपण,” आणि थांबले, कारण पाळण्यातून येणारा आवाज थांबला होता.

आवाज कुठला हे मला नंतर आठवेना. बाळं झोपेत करतात तसला घुरघुर आवाज. मी पाळण्यात बघितलं. नाकातून दूध आलं होतं. ओठ निळे होते. डोळे उघडे होते आणि छाती हलत नव्हती.

मी बी.एस्सी. आहे. श्वासमार्गात दूध गेलं तर काय करायचं ते मी वाचलेलं होतं, कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलंही होतं. मी नुसती उभी राहिले.

मंदाताई कधी उठल्या मला कळलं नाही. त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं, मुलीला उचललं, डाव्या हातावर पालथं घातलं, डोकं खाली. उजव्या हाताच्या तळव्यानं पाठीवर मारायला लागल्या. एक, दोन, तीन. मोजत होत्या. “हाक मारा कुणाला तरी! रिक्षा बोलवा!”

मी हाक मारली नाही. मी म्हणाले, “पेला द्या.”

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. पेल्याचा काठ. मुलीच्या मानेवरची लव. मंदाताईंच्या बाहीतून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी. त्या मारत होत्या आणि मी ओतत होते, एकीचा हात दुसरीच्या हाताला लागत होता. मग मुलीच्या तोंडातून दुधाची गुठळी पडली आणि ती रडली. एवढ्या मोठ्यानं ती त्याआधी कधी रडली नव्हती.

“रडू दे,” मंदाताई म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या. “चांगलं रडू दे.”

“पाणी उकळलेलं नव्हतं,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाळ ठीक आहे, पाजल्यावर ढेकर काढत जा. मंदाताई डॉक्टरांपर्यंत रिक्षातून बरोबर आल्या, दारातूनच परत गेल्या. मी त्यांचे आभारसुद्धा मानले नाहीत. त्यांची छत्री आमच्या ओट्यावर राहिली.

सासूबाईंना बाजारातून येताना फाटकातच शेजारणीनं सांगितलं होतं. त्यांनी मासळीची पिशवी उंबऱ्यावर टाकली.

“पोर कशी आहे?”

“बरी आहे.”

त्यांनी तिला घेतलं, नाकाशी हात धरला, पाठ बघितली. पाठीवर बोटं उठली होती. मग त्यांनी विचारलं, “पाणी घातलंस?”

“घातलं.”

“शब्द नीट म्हणालीस?”

मी तोंड उघडलं. मला ‘मी तुला’ एवढं आठवत होतं. त्याच्या पुढे काहीच नव्हतं. मी रात्रभर तिथपर्यंत जाऊन परत आले. मी तुला. मी तुला. मरण समोर असलं तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. अकरावं उत्तरच ते होतं. डोक्यावर पाणी वाहायला हवं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघांची नावं यायला हवीत. पाणी वाहिलं होतं, मंदाताईंच्या बाहीपर्यंत वाहिलं होतं. नावांचं मला माहीत नव्हतं.

“आणि पाणी कुठलं घेतलंस?” सासूबाईंनी सकाळी विचारलं.

“त्यांच्या पेल्यातलं.”

“त्या बाईचं उष्टं?”

चर्चच्या कार्यालयात फादर फेलिक्सनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोनिफास सर तिथे नोंदवह्यांचं काम बघायचे, तेही ऐकत होते.

“झाला असेल तर तो झाला,” फादर म्हणाले. “पुन्हा करता येत नाही. आयुष्यात एकदाच. फक्त तेल, पांढरा कपडा, मेणबत्ती, एवढं राहिलं, ते आपण मेमध्ये करू. पण नक्की नसेल तर मला अटीवर करावा लागेल.”

“अटीवर म्हणजे?”

“ ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो.’ असं म्हणायचं. त्यात वाईट काही नाही, जसिंता. देवाला कळतं.”

देवाला कळत असेल. मला कळत नव्हतं. अडीच महिने मी ‘नसेल तर’मध्ये राहिले होते आणि त्या बुधवारी, एका मिनिटासाठी, मी त्यातून बाहेर आले होते. खरंच आले होते की नाही एवढंच मला हवं होतं. अटीवर केला असता तर मुलीचं काम झालं असतं. त्या मिनिटात मी काय केलं, ते मला कधीच कळलं नसतं.

“साक्षीदार कुणी होतं?” फादरनी विचारलं. “एक विश्वासू माणूस पुरे.”

“एक बाई होती.”

“कोण?”

“बुधवारची.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “तिच्या हिशेबानं तर ते नुसतं पाणी,” ते म्हणाले. “ती कशाला सांगेल? आणि सांगितलं तरी ती आपल्याला बरं पडेल असं सांगेल का?”

“छत्री द्यायला जायचंच आहे,” मी म्हणाले.

मंदाताई स्टेशनजवळच्या चाळीत राहायच्या. दारात सुकट निवडत बसल्या होत्या. मुलीला आधी बघितलं, मग मला, मग छत्रीला. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, “ते असू दे. ढेकर काढता का?”

“काढते. ताई, एक विचारायचं होतं. मी तेव्हा काय म्हणाले, तुम्हाला आठवतं?”

त्यांचा हात थांबला. “तुम्हाला नाही आठवत?”

“नाही.”

“तुम्ही ते विश्वासानं नाही केलंत,” त्या म्हणाल्या. “घाबरून केलंत.”

“हो.”

“घाबरून केलेलं चालतं तुमच्यात?”

चोवीस उत्तरांमध्ये हे नव्हतं. “मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण घाबरल्यावर मी तेच केलं. कपाटावर दुसरं लिहून ठेवलं होतं.”

त्यांनी सुकटीतला एक खडा काढून बाहेर टाकला.

“मला सगळं आठवतं. शब्दन् शब्द. पण इथे नाही सांगणार. जिथे लिहून घेतात तिथे सांगीन. वॉर्डात शिकले मी, तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही.”

“आमच्या चर्चमध्ये याल तुम्ही? तुमच्या लोकांना चालेल?”

“नाही चालणार. मी सांगीन त्यांना.” मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाही मी. तुम्ही एखादं नाव गाळलं असेल तर गाळलं म्हणून सांगीन. चालेल?”

“गाळलं का?”

“शनिवारी येते,” मंदाताई म्हणाल्या.

शनिवारपर्यंत मी सतरा वेळा पाणी उकळलं.

कार्यालयात फादर टेबलामागे होते, सर नोंदवही उघडून बसले होते, सासूबाई भिंतीकडच्या बाकावर जपमाळ घेऊन. मंदाताईंनी चपला बाहेर जोड जुळवून काढून ठेवल्या आणि उभ्याच राहिल्या.

“शपथ घ्यावी लागेल,” सर म्हणाले.

“शपथ मी घेत नाही. आमच्यात नाही घेत. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही.”

सरांनी फादरकडे बघितलं. फादर म्हणाले, “चालेल.”

“बाळ माझ्या डाव्या हातावर पालथं होतं,” मंदाताईंनी सुरुवात केली. त्या वॉर्डातली पाळी दुसरीच्या हवाली करतात तशा बोलत होत्या. “मी ह्यांना सांगितलं, हाक मारा. ह्या म्हणाल्या, पेला द्या. मला वाटलं, घशाला कोरड पडली असेल. एका हातानं मी मारत होते, दुसऱ्या हातानं—”

“पाठीवर मारणारा हात थांबवलात तुम्ही?” सासूबाई बाकावरून म्हणाल्या.

“एकदाच. पेला द्यायला. जेवढा वेळ लागतो तेवढा.” त्यांनी सासूबाईंकडे बघितलं नाही. “ह्यांनी मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला ओतलं. ‘मी तुला’ म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटलं, विसरल्या. मग परत पहिल्यापासून म्हणाल्या. ‘मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या,’ ओतलं. ‘आणि पुत्राच्या,’ ओतलं. ‘आणि पवित्र आत्म्याच्या नावाने,’ ओतलं. पेला संपला.”

“तिन्ही?” फादरनी विचारलं.

“तिन्ही. तिसरं सगळ्यात मोठ्यानं. मी ऐकायला थांबले होते, एखादं गाळतात का ते.”

“थांबला होतात?” सर म्हणाले.

“हात नव्हता थांबला. कान.”

मी मुलीला घट्ट धरलं होतं. ती झोपली होती आणि तिच्या तोंडातून दुधाची एक ओळ माझ्या बाहीवर येत होती. तिचं मला काही वाटलं नाही, हे मला नंतर आठवलं.

“पण ते पाणी उष्टं होतं, फादर,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना ते तीन दिवस टोचत होतं.

“पाणी पाणीच असतं, आगाताबाई.”

“मी वरून प्यायले होते,” मंदाताई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या घरी मी पेल्याला तोंड लावत नाही.”

सासूबाईंनी जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

सर लिहीत होते. “बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव, जसिंता इनास तुस्कानो. नातं, आई. साक्षीदार, मंदा भोईर. मुलीचं नाव?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आर्या ना?”

“आर्या नाही म्हणाल्या,” मंदाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“परत पहिल्यापासून म्हणाल्या तेव्हा आधी नाव घेतलं. ‘आगाता, मी तुला’ असं. मला वाटलं, बाळाचं नाव तेच असेल.”

सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर करून मंदाताईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या उठल्या, कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि मंदाताईंच्या मागे ठेवली.

“बसा,” त्या म्हणाल्या. “उभ्या कशाला.”

फादरनी मला विचारलं, “नाव नोंदीत बदलता येतं, जसिंता. नावाला अट नाही. आर्या लिहू?”

“झालं ते लिहा,” मी म्हणाले.

सरांनी वही फिरवून मंदाताईंसमोर ठेवली. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि सही करण्याआधी अख्खं पान वाचलं, वरच्या चार अनोळखी बाळांच्या नोंदींसकट. मग सही केली आणि खाली तारीख घातली.

सरांना राहवलं नाही. तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. “मग बाई,” ते म्हणाले, “आता समजलं?”

“नाही,” मंदाताई चष्मा मिटत म्हणाल्या. “माझ्या मते ते पाणीच. पाहिलं ते सांगितलं.”

पुढच्या गुरुवारी वर्गात मी सरांना सांगून घरवालीच्या खुर्चीत बसले. ब्रिजित काकू पाहुणी झाल्या. त्यांनी सातवा प्रश्न माझ्याच शब्दांत, माझ्याच सुरात विचारला. त्यांना तो आता पाठ झाला होता. “पाणी नाही ओतलं तर काय होईल?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “मी ओतलं.”

सर हातातला खडू बोटांत फिरवत राहिले. ब्रिजित काकूंनी घड्याळ बघितलं. त्यांची मासेवाली पाच वाजता यायची.

“आता मला समजलं,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

यंदा आगाताचं दृढीकरण आहे, म्हणजे आपला विश्वास आता तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचा संस्कार. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, तो ती स्वतःच चर्चमधून घेऊन आली. आल्या आल्या दप्तर न काढता तिनं मला तो दाखवला.

“आई, देणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे. बाकी सगळ्यांच्या दाखल्यावर फादरांचं आहे. आणि ही मंदा भोईर म्हणजे आपल्या बुधवारच्या मंदाआजी?”

मी तिला सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच्यापेक्षा थोडक्यात. तिनं ऐकून घेतलं. एकदा स्वतःच्या मानेवरून हात फिरवला.

“मग त्यांना शेवटी समजलं का?”

“कुठे,” मी म्हणाले. “गेल्या बुधवारी मूर्तींवरून आजीशी भांडून गेल्या. परवा येतील, तूच विचार. आणि आधी पाणी दे.”